रेतीची गाळणी : रोजची पाच मिनिटे, हंगामाची राखण



रेडिओवर ऐकलेली गोष्ट ऐकताना पटते, पण नेमकी कामाच्या वेळी आठवत नाही. कोणता कॉक आधी फिरवायचा, किती मिनिटे पाणी सोडायचे, हे डोक्यातून निघून जाते. म्हणून ही पत्रिका. वाचून झाल्यावर ती कपाटात ठेवू नका. मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवा. घरातला जो कोणी मोटार चालू करायला जाईल, त्याच्या नजरेसमोर ती असली पाहिजे.

विषय आहे ठिबक संचाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सँड फिल्टरचा, म्हणजे आपल्या भाषेत रेतीच्या गाळणीचा. ठिबक बसवताना सगळ्यांचे लक्ष नळ्यांकडे असते. गाळणी मात्र एकदा बसवली की बसवली! दोन वर्षांनी वांग्याच्या ओळी कुठे हिरव्या, कुठे पिवळ्या दिसू लागल्या की मग धावपळ सुरू होते. खत कमी पडले का? रोग आला का? मर लागली का? आणि नळी उचलून बघावी, तर ड्रिपरच्या तोंडाशी हिरवा-काळा लगदा. झाडाला रोग नव्हता, झाड तहानलेले होते.

आपल्या पाण्याला गाळणी का लागते

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले जुने तलाव आणि बोड्या आजही आपल्या शेताला पाणी देतात. १९५१ साली मालगुजारी गेली, पण माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, हे नाव राहिले. या तलावांचे पाणी धानाच्या बांधीत पाटाने सोडायचे असेल तर त्यात शेवाळ असो, गाळ असो, काही बिघडत नाही. उलट गाळ बांधीला चांगलाच. पण तेच पाणी ठिबकच्या नळीत सोडले की गोष्ट बदलते. ड्रिपरमधली पाण्याची वाट साधारण एक मिलिमीटरची, कधी त्याहूनही बारीक असते. म्हणजे मोहरीच्या दाण्यालाही तिथून जाता येणार नाही.

तलावाच्या पाण्यात उन्हाळ्याकडे शेवाळ वाढते. पाणी आटत जाते, तापते, आणि हिरवे होते. वैनगंगेचे पाणी घेणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. पावसाळ्यानंतर त्यात गाळ आणि बारीक रेती असते. शिवाय नागपूरचे सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. तेव्हा गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यातील पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांनी तर शेवाळाची आणि बुळबुळीत साक्याची जास्तच काळजी घ्यावी. सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य म्हणजे शेवाळाला खतच.

एखादा भाऊ विचारेल, "माझ्याकडे जाळीचा फिल्टर आहे ना, मग रेतीचा कशाला?" त्याचे उत्तर असे. जाळी फक्त वरच्यावर घाण अडवते. वाळूचा कण कडक असतो, तो जाळीवर अडकतो. शेवाळ मऊ असते. ते एकतर जाळीवर लेप लावून पाणीच बंद करते, नाहीतर दाबाने तुकडे होऊन जाळीतून पार जाते. रेतीच्या थरात मात्र पाण्याला हजारो वाकड्यातिकड्या फटींतून वाट काढावी लागते. मऊ शेवाळ त्या फटींत जागोजागी चिकटून बसते. म्हणून तलाव, बोडी, नदी, कालवा आणि उघडी विहीर या पाण्याला आधी रेतीची गाळणी आणि तिच्यामागे जाळीचा फिल्टर, अशी जोडी पाहिजे. पाण्यातून खरखरीत रेती येत असेल तर या दोघांच्याही आधी शंकूसारखा हायड्रोसायक्लोन बसवावा, म्हणजे जड रेती तिथेच खाली बसते.

गाळणीच्या पोटात काय असते

हे यंत्र तसे साधे आहे. शहरातल्या पोहण्याच्या तलावाचे पाणीही अशाच टाकीतून गाळतात. लोखंडी किंवा फायबरची टाकी. पाणी वरून येते, रेतीच्या थरातून खाली उतरते, तळाशी बारीक फटींच्या प्लास्टिकच्या कॅण्डल असतात त्यांतून बाहेर पडते. रेती टाकीतच राहते, पाणी पुढे जाते. टाकी रेतीने काठोकाठ कधीच भरलेली नसते. वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, ती का, हे पुढे कळेल.

आता मुख्य गोष्ट. गाळणी घाण नाहीशी करत नाही. ती घाण आपल्या पोटात साठवते. जेवढे पाणी गाळले, तेवढी घाण तिच्या पोटात गेली. पोट भरले की पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर पाणी कमी जाते आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. नाहीतर पाणी रेतीत भोक पाडून, जिथे वाट मिळेल तिथून, न गाळता खाली उतरते. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. पाणी तर जोरात चालले आहे असे वाटते, आणि शेवाळ सरळ नळ्यांत जाते.

म्हणून गाळणीचे पोट वेळेवर रिकामे करावे लागते. त्यालाच उलटे धुणे म्हणतात. कंपनीची माणसे त्याला बॅकवॉश म्हणतात. पाणी वरून खाली न सोडता खालून वर सोडायचे. रेती उचलली जाते, कण एकमेकांवर घासले जातात, घाण सुटी होते आणि वरच्या बाजूने बाहेर वाहून जाते. वरची मोकळी जागा ठेवतात ती यासाठीच. रेतीला उचलायला जागा हवी.

धुवायचे कधी? दोन गेजना विचारा

गाळणीच्या आत पाणी जाते तिथे एक प्रेशर गेज असते, बाहेर पडते तिथे दुसरे. पुष्कळ शेतांत यांतले एक फुटलेले असते आणि दुसऱ्याची काच धूसर झालेली असते. बंधूंनो, गेज नसलेली गाळणी म्हणजे काटा नसलेला तराजू. माल जोखला की नाही, कळणार कसे? आधी गेज दुरुस्त करून घ्या. दोन गेज नीट दाखवतात की नाही याबद्दल शंका असेल, तर एकच गेज आळीपाळीने दोन्ही जागी लावून आकडा बघावा.

गाळणी नुकतीच स्वच्छ धुतली असेल तेव्हा मोटार चालू करून दोन्ही आकडे वाचा. समजा आत १.८ किलो दाब आहे आणि बाहेर १.६. म्हणजे फरक ०.२ किलो. हा तुमच्या स्वच्छ गाळणीचा फरक. तो मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तुमच्या शेजाऱ्याचा आकडा वेगळा असेल, त्याची नक्कल करू नका. त्याची मोटार वेगळी, टाकी वेगळी.

मग रोज मोटार लावली की दोन्ही काटे बघायचे. घाण साठत गेली की आतला दाब वाढतो आणि बाहेरचा उतरतो. आत १.९ आणि बाहेर १.४ झाले, तर फरक ०.५ किलो. आता थांबू नका, धुवून टाका. साधा नियम असा, की फरक ०.५ किलोच्या वर कधीच जाऊ देऊ नये. स्वच्छ गाळणीच्या फरकापेक्षा ०.३ किलोने वाढला की धुवावे. पाणी हिरवे असेल तेव्हा दिवसातून दोनदाही धुवावे लागेल. हिवाळ्यात पाणी नितळ असेल तेव्हा काटा हलणार नाही, तरी पाणी देण्याच्या दिवशी एकदा पाच मिनिटे धुण्याची सवय ठेवावी. घाण फार दिवस आत राहिली तर चिकटून गोळे होतात, मग ते नुसत्या पाण्याने सुटत नाहीत.

धुवायचे कसे

प्रत्येक गाळणीच्या कॉकची मांडणी थोडी वेगळी असते. बसवून देणाऱ्या मिस्त्रीकडून प्रत्येक कॉकवर रंगाने आकडा टाकून घ्या. पण पद्धत सगळीकडे एकच.

१. खताची टाकी किंवा व्हेंच्युरी चालू असेल तर आधी बंद करा. खत चालू असताना गाळणी धुऊ नये.

२. पाण्याची नवी वाट आधी उघडा, जुनी नंतर बंद करा. म्हणजे घाण पाण्याचा कॉक आधी उघडायचा, मग शेताकडचा बंद करायचा. दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या तर दाब अचानक चढतो, आणि पाइपचे जोड निसटतात.

३. आता पाणी टाकीच्या तळातून वर येईल असे कॉक फिरवा. दोन टाक्यांची जोडी असेल तर एका टाकीत गाळलेल्या पाण्याने दुसरी धुतात, मग उलट करतात. दोन्ही एकदम धुऊ नयेत.

४. बाहेर येणारे पाणी बघत उभे राहा. सुरुवातीला काळे-हिरवे येईल, मग मातकट, मग नितळ. काचेच्या बाटलीत धरून उजेडात पाहावे. तलावातून येणाऱ्या पाण्याइतके तरी साफ झाले की झाले. बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटे लागतात. घड्याळापेक्षा बाटलीवर जास्त भरवसा ठेवा.

५. त्याच वेळी वाहत्या पाण्याखाली हात किंवा पांढरे फडके धरा. पहिल्या क्षणी दोन-चार कण आले तर चालेल. रेती येतच राहिली तर जोर जास्त आहे, कॉक थोडा आवळा. उलट, पाच मिनिटे धुऊनही घाण येत नाही आणि गेजचा फरकही उतरत नाही, तर जोर कमी आहे, रेती उचललीच जात नाही.

६. एकच टाकी असेल तर ती न गाळलेल्या पाण्याने धुतली जाते, म्हणून तळाशी थोडी घाण राहते. शेताकडे पाणी सोडण्यापूर्वी जाळीच्या फिल्टरचा खालचा कॉक मिनिटभर उघडा ठेवा आणि पहिले पाणी बाहेर जाऊ द्या.

७. शेवटी दोन्ही गेज पुन्हा वाचा. फरक भिंतीवरच्या आकड्याजवळ आला पाहिजे. आला नाही तर गाळणी स्वच्छ झाली नाही, पुन्हा धुवा.

आजकाल पुष्कळांची लाईन रात्री येते. मोटारीला ऑटो लावलेला असतो, माणूस घरी झोपलेला असतो आणि मोटार आपोआप सुरू होते. सोय चांगली, पण त्या रात्री गेज कोण बघतो? अशा शेतात निदान पाणी सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी लाईन असताना गाळणी धुण्याचा नेम ठेवावा. सौर पंप असेल तर भर दुपारी, ऊन कडक असताना धुवावे. सकाळी आणि संध्याकाळी पंपाला जोर नसतो. रेती उचलली जात नाही आणि धुतल्याचे नुसते समाधान मिळते.

धुतलेले पाणी वाया जाते असे म्हणून काही जण धुणेच टाळतात. पंप ताशी १८ हजार लिटर पाणी देत असेल तर पाच मिनिटांत दीड हजार लिटर जाईल. पण ते फेकायचे कशाला? पाइप जोडून आंब्याच्या, लिंबाच्या आळ्यात सोडा, बांधीत सोडा. विहिरीत किंवा बोडीत मात्र परत सोडू नका. तीच घाण पुन्हा उचलून आणण्यात काय अर्थ?

आठवड्यातून एकदा : झाकण उघडून पाहा

आधी एक इशारा, आणि तो नीट वाचा. दाब असताना झाकण कधीही उघडू नये. आतला दाब झाकण उडवून माणसाच्या तोंडावर मारू शकतो. मोटार बंद करा. नुसती बंद नाही, ऑटो काढा आणि मेन स्विच खाली पाडा. तुमचा हात टाकीत असताना लाईन आली आणि मोटार सुरू झाली, तर काय होईल याचा विचार करा. मग घाण पाण्याचा कॉक उघडून दाब काढा. दोन्ही काटे शून्यावर आले की मगच झाकणाच्या बोल्टला हात लावा.

झाकण उघडल्यावर रेतीचा वरचा भाग बघा. रेती सपाट असेल तर उत्तम. एका जागी खड्डा आणि दुसरीकडे ढीग असेल तर पाणी त्या खड्ड्यातून सरळ वाट काढते आहे. वर हिरवी-काळी साय जमली असेल तर धुणे कमी पडते आहे. वरची वीतभर रेती हाताने हलवून मोकळी करा, गोळे फोडा, साय काढून टाका, रेती सपाट करा आणि झाकण लावून पुन्हा धुवा. काठी किंवा सळई तळापर्यंत खुपसू नका. तळाशी कॅण्डल आहेत. एक जरी फुटली तरी सगळी रेती शेतात.

रेतीची उंचीही बघा. टाकीच्या काठापासून रेतीपर्यंत किती अंतर आहे, ते नव्याने भरताना काडीने मोजून त्या काडीला खूण करून ठेवा. दर महिन्याला तीच काडी लावा. रेती खाली गेली असेल तर धुताना वाहून गेली किंवा कॅण्डलमधून निघून गेली. नेमकी कुठे गेली हे कळायला जाळीचा फिल्टर उघडा. जाळीत रेतीचे कण सापडले तर कॅण्डल फुटली आहे, किंवा रेती हवी त्यापेक्षा बारीक आहे.

वैनगंगेची रेती का चालत नाही

ही चूक आपल्याकडे फार सहज होते, म्हणून वेगळी सांगतो. गाळणीतली रेती कमी झाली की मनात येते, वैनगंगेची रेती घराला चालते, पुलाला चालते, मग या टाकीला का नको? दोन घमेली टाकली की झाले काम!

बांधकामाला जी रेती चांगली, तीच गाळणीला वाईट. सिमेंटमध्ये लहान-मोठे कण एकत्र असले की लहान कण मोठ्यांच्या फटी बुजवतात आणि पक्के बसतात. गाळणीत आपल्याला नेमके उलटे हवे. फटी मोकळ्या राहायला पाहिजेत. म्हणून गाळणीची रेती एकाच मापाची, बहुधा एक मिलिमीटरच्या आसपासची, टोकदार कोनांची आणि कडक गारेची असते. टोकदार कणांत शेवाळ अडकते. नदीत घासून गुळगुळीत झालेल्या कणांवरून ते निसटते. शिवाय नदीच्या रेतीतले बारीक कण आणि माती कॅण्डलच्या फटींतून पार जाऊन ड्रिपरमध्ये बसतात. शेवाळ निदान औषधाने सुटते. ड्रिपरमध्ये बसलेला रेतीचा कण कोणत्याही औषधाने विरघळत नाही.

तेव्हा रेती भरायची असेल तर गाळणी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाचीच घ्या. पोत्यावरचे माप वाचून घ्या. नवी रेती भरल्यावर शेताकडचा कॉक बंद ठेवून दहा मिनिटे उलटी धुवा, म्हणजे तिच्यातली भुकटी निघून जाईल. जुनी रेती कधी बदलायची? मूठभर घेऊन बोटांत चोळा. टोचली तर अजून कामाची आहे. गुळगुळीत लागली, किंवा तिचे दगडासारखे गोळे झाले असतील, तर बदला. गोळ्यावर लिंबाचा रस किंवा शिरका टाकून पाहा. फसफसले तर तो पाण्यातला चुना आहे.

साका सुटत नसेल तर : ब्लिचिंग पावडर

तलावाच्या पाण्यावर दोन-तीन महिने चाललेल्या गाळणीत रेतीच्या कणांना बुळबुळीत साका धरतो. हात घातला की कळते, वासही येतो. नुसत्या धुण्याने तो जात नाही. तेव्हा ब्लिचिंग पावडर वापरावी.

१०० लिटर पाण्याला २० ग्रॅम ताजी पावडर पुरे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर टाका. पावडरीवर पाणी ओतू नका. ढवळा आणि काही तास निवळू द्या. खाली चुन्याचा गाळ बसेल, तो गाळणीत जाऊ देऊ नका. वरचे नितळ पाणी वेगळे काढून घ्या. गाळणी आधी चांगली धुवून, मोटार बंद करून, दाब काढून, वरून हे पाणी आत ओता, झाकण लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी वास जाईपर्यंत उलटी धुवा.

यात चार पथ्ये पाळावी. एक, ब्लिचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकाच बादलीतही नाही. विषारी वायू निघतो, तो छातीत जाऊन माणूस दगावू शकतो. दोन, खताच्या पाण्यात ते मिसळू नका. तीन, काम मोकळ्या हवेत, वारा पाठीशी घेऊन करा, डोळे सांभाळा आणि पोरांना दूर ठेवा. चार, हे धुतलेले पाणी तलावात, बोडीत किंवा नाल्यात सोडू नका. क्लोरीन माशांना मारते. आपल्या तलावांवर ढीवर बांधवांचे पोट आहे. आपल्या वांग्यासाठी त्यांचे मासे मारायचे नाहीत. पडीक धुऱ्यावर, पिकापासून दूर, जमिनीत जिरवा.

गाळणीवरचा भार कमी कसा करावा

गाळणीत घाण गेलीच नाही तर काढायचे कष्टही कमी. पंपाचा फुटव्हॉल्व्ह तलावाच्या तळाला टेकलेला असेल तर गाळ ओढतो, अगदी पृष्ठभागाजवळ असेल तर शेवाळ ओढतो. रिकाम्या बंद डब्याचा तरंगता आधार करून फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या वरच्या पातळीपासून दोन-अडीच फूट खाली लोंबता ठेवावा. पाणी उतरेल तसा तोही उतरतो. भोवती बांबूच्या कमच्यांची टोपली बांधावी, म्हणजे पाने आणि जलपर्णी दूर राहतात.

खत नेहमी रेतीच्या गाळणीच्या पुढे आणि जाळीच्या फिल्टरच्या आधी सोडावे. खत रेतीतून गेले तर आतले शेवाळ पोसते, आणि धुताना तुमचे पैसे बाहेर वाहून जातात. खताचा न विरघळलेला कण मात्र जाळीने अडवला पाहिजे, म्हणून जाळी त्याच्या पुढे.

एक गोष्ट मोकळेपणी सांगायला हवी. रेतीची गाळणी सगळे काही करत नाही. पुराच्या पाण्यातली अगदी बारीक चिकणमाती ती अडवू शकत नाही. असे गढूळ पाणी आधी बोडीत किंवा शेततळ्यात निवळू द्यावे. पाण्यात विरघळलेले क्षार आणि लोह तिच्यातून सरळ पार जातात. बोअरच्या पाण्याने नळ्यांत तांबडा साका धरत असेल, तर त्याचा उपाय वेगळा आहे.

हे पाणी पिऊ नका

निंदणीला आलेल्या बाया गाळणीच्या कॉकला तांब्या लावतात. पाणी नितळ दिसते, थंड असते. पण बहिणींनो, नितळ पाणी म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे.

रेतीने पाणी शुद्ध होते हे खोटे नाही. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात कॉलरा आला. तिथे नदीचे पाणी न गाळता नळाने देत होते, आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारच्या अल्टोना गावाला त्याच नदीचे पाणी रेतीतून गाळून मिळत होते, तिथे फार थोडी माणसे गेली. पण ती गाळणी फार संथ होती. मोठ्या हौदात पाणी अगदी हळूहळू उतरायचे, आणि रेतीवर सूक्ष्म जीवांची जी साय धरते ती रोगजंतू संपवायची. आपली ठिबकची गाळणी दाबाने, भराभर चालते. ती शेवाळ पकडते, जंतू नाही. तेव्हा पिण्याचे पाणी घरून घेऊन जावे, शेतावर वेगळा माठ ठेवावा.

पावसाळ्यात गाळणी कशी ठेवावी

जून लागला की आपण धानात गुंततो आणि ठिबक पडून राहते. रेतीत पाणी तसेच राहिले तर आत हवा जात नाही, घाण सडते, रेती काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग दिवाळीनंतर मोटार लावली की ती सगळी सड नळ्यांत!

म्हणून हंगाम संपला की गाळणी चांगली धुवावी, वर सांगितल्याप्रमाणे ब्लिचिंगची एक रात्र द्यावी, पुन्हा धुवावी आणि खालचा कॉक उघडून पाणी पूर्ण काढून टाकावे. वर्षातून एकदा रेती ताडपत्रीवर काढून घमेल्यात धुवावी. टाकी रिकामी असतानाच कॅण्डल एक-एक तपासाव्यात. लोखंडी टाकीचा गंज घासून रंग द्यावा. गेज काढून घरात ठेवावेत.

हिशेब करून पाहा

आता कोणी म्हणेल, रोज कोण एवढे करत बसतो? चला, हिशेब करू. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. वांग्याला दीड मीटरवर नळी आणि ६० सेंटिमीटरवर ड्रिपर धरला, तर एकरात जवळजवळ ४,४०० ड्रिपर झाले. ते बुजले आणि एकेक हाताने साफ करायचा म्हटले, एकाला एकच मिनिट धरले, तरी ७३ तास लागतात. म्हणजे एका माणसाचे नऊ दिवस, तेही कंबर वाकवून. आणि त्या नऊ दिवसांत पिकाला पाणी नाही.

दुसऱ्या बाजूला, रोज पाच मिनिटे धरली तर सहा महिन्यांच्या हंगामात १५ तास होतात. तेही उभे राहून, सावलीत, बाटली हातात धरून. कोणते काम परवडते, ते तुम्हीच ठरवा.

ध्यानात ठेवा

स्वच्छ गाळणीचा दाबाचा फरक भिंतीवर लिहा. फरक ०.३ किलोने वाढला की धुवा, ०.५ च्या वर जाऊ देऊ नका. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आठवड्याला झाकण उघडा, पण आधी ऑटो काढा, दाब शून्यावर आणा. वैनगंगेची रेती टाकू नका. ब्लिचिंगचे पाणी तलावात सोडू नका. कॉकचे पाणी पिऊ नका. पावसाळ्याआधी गाळणी कोरडी करा.

बंधू-भगिनींनो, बैलाला आपण रोज चारा घालतो, पण गोठाही रोज झाडतो. नुसता चारा घालून भागत नाही. गाळणीचेही तसेच आहे. ती तुमच्या शेताची घाण स्वतःच्या पोटात घेते. तिचा गोठा रोज झाडा, ती तुमचा हंगाम राखील.